उभ्या मिरचीचा पंचनामा

शेताच्या धुऱ्यावर पाय ठेवला आणि रंगराव जागीच थबकले. मिरची उभी होती.

वाटभर ते प्रेरणा मॅडमला सांगत आले होते की सगळं झोपलं, पंधरा गुंठ्यांत एक झाड धड राहिलं नाही. मॅडम गावच्या तलाठी. अतिवृष्टीच्या पंचनाम्यासाठी संग्रामपूरहून स्कूटीवर निघाल्या होत्या. स्कूटी चिखलात रुतली तेव्हा चपला हातात घेऊन उरलेली वाट पायी आल्या. आणि समोर पाहावं तर ओळीच्या ओळी प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या पोरांसारख्या सरळ.

रंगरावांची चूक एवढीच की सहा दिवस ते शेताकडे फिरकले नव्हते. वादळी पावसात गोठ्यापाशी घसरून त्यांचा पाय मुरगळला आणि ते खाटेवर पडले. शेत पाहून आलेल्या त्यांच्या बायकोनं, सत्यभामाबाईंनीच सांगितलं होतं, "मिरची सारी आडवी झाली जी." त्यानंतर त्या रोज भाकर बांधून शेतात जात राहिल्या. कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं चालतं.

"काका, फोटो अ‍ॅपवर टाकावा लागतो," मोबाइल समोर धरून प्रेरणा म्हणाली. "यात तर शेत चांगलं दिसतंय. एक तृतीयांशाहून जास्त नुकसान दिसलं नाही, तर मदत मंजूर होत नाही."

मदत नाही म्हणजे हरभऱ्याचं बियाणं नाही, आणि बियाणं नाही म्हणजे हिवाळाभर रान रिकामं. रंगरावांनी आधीच शेतात आलेल्या बायकोला बाजूला घेतलं.

"अवं, हे काय करून ठेवलं तू?"

"काय केलं? झाडं पडले होते, उचलले. तुराटीची काडी लावली न् बांधले."

"पडलेलंच दाखवाचं होतं ना मॅडमले! दोन-चार ओळी सोडून दे पटकन."

"पडलेलं लेकरू कोणी तसंच ठेवते का, सायब येतपर्यंत? म्या नाही पाडत. तुमच्यानं होत असंल तर पाडा तुमी."

सत्यभामाबाईंचा स्वभावच तसा. पाहुणे येण्याआधी अंगण झाडायचं, डॉक्टर येण्याआधी आजाऱ्याचं तोंड धुऊन त्याचे केस विंचरायचे. शेत पाहायला सरकार येणार म्हटल्यावर त्यांनी शेताचंही तेच केलं होतं. रंगरावांना रागही येत होता आणि हिचं चुकलं तरी काय, असंही वाटत होतं.

लंगडत लंगडत ते पहिल्या ओळीपाशी गेले आणि खाली बसले. झाड काडीला चिंधीनं बांधलेलं होतं. त्यांनी गाठ सोडायला घेतली. ती अर्धी सुटली आणि त्यांचा हात थांबला. चिंधी जांभळी होती. कापूस विकून खामगावहून आणलेलं ते लुगडं. लेकीच्या लग्नात नेसलं, धुऊन पेटीत ठेवलं, ते आजतागायत पेटीतच होतं. निदान रंगरावांची तशी समजूत होती. त्यांनी मान वर केली. पुढच्या झाडांना कुठे फिक्या गुलाबी चिंध्या होत्या, कुठे त्यांच्याच जुन्या धोतराच्या, आणि त्यापुढे सगळं जांभळं.

"हे तर तुझं पोरीच्या लग्नातलं लुगडं!"

"जुने कपडे पुरले नाही," सत्यभामाबाई दुसरीकडे पाहत म्हणाल्या. "पेटीत राहून काय करून राह्यलं होतं ते?"

 गाठ काही रंगरावांना पुढे सोडवेना.

प्रेरणा जवळ येऊन उभी होती. "काकू, जी झाडं पडली नव्हती, त्यांनाही चिंध्या बांधल्यात का?"

"उभ्याले कायले बांधू, मॅडम?"

प्रेरणानं सलवार वर खोचली आणि ती ओळीत शिरली. चिंध्या मोजत या टोकाला गेली, दुसऱ्या ओळीनं मोजत परत आली. एक झाड मुळापाशी उकरून पाहिलं. मुळं काळी पडून मऊ झाली होती. फुलं तर केव्हाच झडली होती, खालच्या मिरच्या सडल्या होत्या. तिनं वाकून वाकून मुळांचे, मिरच्यांचे, चिंध्यांचे फोटो घेतले.

"दहातली सात झाडं बांधलेली आहेत," ती म्हणाली. "पडलेलं कोणतं, ते मला शोधावंच लागलं नाही, काकू. नुकसानीची नोंद मी करते."

रंगरावांचा जीव भांड्यात पडला. सत्यभामाबाईंना मात्र त्यात विशेष काही वाटलं नाही. त्या एका झाडाची पिवळी पानं खुडत होत्या.

पंचनाम्याच्या कागदावर शेवटचा प्रश्न राहिला होता. "घरात पाणी शिरलं होतं का? कपडे, भांडी काही गेलं?"

"नाही जी," सत्यभामाबाई म्हणाल्या. "घर कोरडंच राह्यलं."

"गेलं ना," रंगराव बसल्या जागेवरून म्हणाले. "लिहा मॅडम. कपड्यात एक लुगडं लिहा."

"काहीतरीच तुमचं!" सत्यभामाबाईंनी पदर तोंडाला लावला.

असलं लुगडं कुठल्याच रकान्यात बसत नाही, हे प्रेरणाला ठाऊक होतं. तरी तिनं कागदावर पेन टेकवलं आणि हसू दाबत विचारलं, "कसं होतं?"

"जांभळं. मोरपंखी काठाचं. काठ बोटभर."

काठ तर कुठल्याच झाडाला बांधलेला नव्हता. सत्यभामाबाई क्षणभर नवऱ्याकडे पाहतच राहिल्या.

"बोटभर नाही, दोन बोटं," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्याशेजारी बसून ती अर्धी सुटलेली गाठ पुन्हा बांधू लागल्या.