गंजावर काळा रंग

“गंज आधी खरवड गो. गंजावर रंग म्हणजे खरजेवर पावडर!” चार दारं पलीकडचे, गिरणीतून निवृत्त झालेले दौलतकाका म्हणाले होते. मेघना हसली होती.

काळाचौकीच्या चाळीत, पहिल्या माळ्यावर, तिच्या दारासमोरचा लोखंडी कठडा गंजून लाल झाला होता, आणि तिची मुलगी मनवा नुकतीच पावलं टाकायला लागली होती. मनवा होईपर्यंत मेघना रंगांच्या कंपनीत लॅबला होती. तिथल्या मैत्रिणीकडून तिने नव्या रंगाचा उरलेला डबा मागून आणला.

“काका, हा तुमच्या गिरणीतला रंग नव्हे. यात कार्बनच्या नळ्या आहेत, केसाहून हजारो पटींनी बारीक. हवा-पाणी आत शिरतच नाही.”

“मगे आतलो गंज खंय जातलो?”

मेघना पुन्हा हसली. लॅबमध्ये पत्र्याचे तुकडे लख्ख घासूनच तिच्या टेबलावर यायचे. घासणाऱ्याचं नावही तिने कधी विचारलं नव्हतं.

कठडा काळा कुळकुळीत झाला. शेजारणी हात फिरवून गेल्या. काका मात्र तेव्हापासून रोज दुपारी तिच्याच दारासमोर येऊन उभे राहायला लागले, कठड्याला पाठ लावून, मनवाशी बोबडं बोलत. चार महिने. मेघनाला ते खटकायला लागलं. हल्ली लहान मुलींबद्दल काय काय वाचायला मिळतं! शेवटी तिने म्हटलंच, “काका, उद्यापासून जरा तुमच्या दारासमोर उभे राहाल का?” काका ओशाळले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच.

तिसऱ्या दिवशी कठडा मुळातून मोडला आणि काका खाली गेले. खुबा मोडला. तुटलेल्या गजांवर रंग तसाच चमकत होता. आत लोखंडाचा नुसता भुगा. “माका चक्कर इली,” काकांनी सगळ्यांना सांगितलं.

आठवड्याने काकांची बायको, गंगुबाई, मनवाला बघायला आली, तेव्हा मेघनाला राहवेना. “काकू, ती चक्कर नव्हती. गंज मी खरवडलाच नव्हता.”

“ठावक आसा गो. म्हणान तर ते थंय उभे रवत. म्हणत, मोडलो तर माझ्या भारान मोडांदे, मनवा चेडवाच्या नको.”

काका आता घरी आलेत. काळाचौकीकडे कधी गेलात तर त्या माळ्यावर जरा डोकवा. चालायला लागलेत का, तेवढं बघा. मेघनाला मधली चार दारं अजून ओलांडवत नाहीत.