पुष्पाची गोळी

डॉक्टर विचारत होत्या पुष्पाला आणि उत्तरे देत होते तिचे सासरे, मारोतराव.

"झोप किती लागायची त्या दिवसांत?"

"लागतच नव्हती, मॅडम. मागच्या दिवाळीनंतर सतरा दिवस डोळ्याले डोळा नाही. बोलणं तर असं, का समोरच्याले तोंड उघडू देत नव्हती. उजाडायच्या आत वावरात. एकटीनं तीन बायांचा कापूस वेचला जी. आन् होळीपासून पाहा, अंथरूण सोडत नाही. केस विंचर म्हटलं तरी रडते."

डॉक्टरांनी सगळे लिहून घेतले. यवतमाळच्या त्या मोठ्या दवाखान्यात मनाचे दुखणे घेऊन येणाऱ्यांच्या नातेवाइकांना बहुधा काहीच धड सांगता येत नसे. हा म्हातारा दिवस मोजून सांगत होता.

"आणि तुम्हाला काय वाटतं, पुष्पा?"

पुष्पाने पदर सारखा केला. सकाळपासून ती एवढ्याचसाठी बळ गोळा करत होती.

"माही पोरगी चार वर्षांची आहे, प्रेरणा. झोप नव्हती त्या दिवसांत मी तिले घेऊन दारव्ह्याले गेलती. कायले गेलती, आठवत नाही. तिले स्टँडवर बसवलं आन् मीच पुढं निघून गेली. सांजच्याले लोकायले सापडली ते. पुन्हा तसं झालं, तर सापडणार नाही, मॅडम. मले त्याच्या आधी बरं करा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले.

"हा बायपोलर आजार असावा. रक्त तपासू, आणखी दोनदा बोलू, मग पक्कं सांगते. यात मन कधी फार वर जातं, कधी फार खाली. गोळीने ते ताब्यात राहू शकतं. पण रोज घ्यायची. बरं वाटलं म्हणून सोडायची नाही."

"सोडली तर?" मारोतरावांनी विचारले.

"पुन्हा तेच. आधी झोप जाते."

"किती दिवसांत जी?"

"सांगता येत नाही. कोणाची आठवड्यात, कोणाची महिन्यात."

"मग मीच देईन. माह्या हातानं."

"असे सासरे नशिबाने मिळतात हं," डॉक्टर पुष्पाला म्हणाल्या. पुष्पाला ते मान्यच होते. नवरा अमर वणीला कोळशाच्या ट्रकवर, महिन्यातून एकदा घरी यायचा. सासू मैनाबाई तिला भगताकडे न्यायला निघाली होती. मारोतरावांनी बायकोला गप्प केले आणि सुनेला एसटीत बसवले. म्हातारा सुनेला घेऊन सारखा कुठे जातो, यावर त्यांच्या गावात, बोरी अरबच्या पारावर, चार दिवस चघळणे झाले. मारोतरावांनी कोणाला भीक घातली नाही.

तिसऱ्या खेपेला आजार पक्का ठरला. तपासणीला पुष्पाला न्यायचे, मधल्या गोळ्या आपण आणायच्या, असा मारोतरावांनी नेमच केला. पाकीट पोरीच्या हाती लागू नये म्हणून ते गोळ्या काढून डब्यात भरत आणि डबा आपल्या कपाटात ठेवत. रोज जेवण झाले की तांब्या आणि गोळी घेऊन यायचे. ती गिळेपर्यंत उभे राहायचे.

दसऱ्यापर्यंत पुष्पा माणसात आली. प्रेरणाला अंगणवाडीत नेऊ-आणू लागली. एकदा तर मैनाबाईंची नक्कल करून हसली, आणि मैनाबाईही हसल्या. त्या साली कापूसही चांगला फुटला. वेचायला मात्र बाया मिळत नव्हत्या. मारोतराव गावोगाव फिरून हात हलवत परत येत.

दिवाळीच्या तोंडावर पुष्पा त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली.

"मामाजी, चार दिवस झाले, झोप येऊन नाही राह्यली. पाय एका जागी ठरत नाही. दवाखान्यात जाऊ."

"गोळी तर रोज घेतं ना?"

"तुमच्याच हातानं घेते."

"मग कायले भेतं? सणाची दगदग आहे. जाऊ दिवाळी झाल्यावर."

पुष्पा आत वळली. गोळी एक दिवस चुकली नव्हती आणि झोप तर गेली होती. म्हणजे औषध तिला लागूच पडत नव्हते. ज्या एका गोष्टीवर तिने सगळी आशा ठेवली होती, ती तिच्यापुरती फोल निघाली. तिला रडूही आले नाही. डोके अजून थोडे जागेवर आहे तोवर काय करायचे, एवढाच विचार तिने केला.

तिने महागावहून भावाला बोलावले.

"प्रेरणाले घेऊन जा, जीवन."

"किती दिवस?"

"मी बोलावते तोवर." मग तिने त्याचा हात धरला. "नाही. मी बोलावलं तरी आणू नको."

प्रेरणा मामाच्या गाडीवर खुशीत बसली. पुष्पा फाटकापाशीच थांबली. रस्त्यापर्यंत जायला तिला आपल्या पायांचा भरवसा वाटत नव्हता.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती कापूस वेचायला कमरेला ओटी बांधून वावरात गेली. दहा वाजेपर्यंत तिच्या कापसाच्या चार ओळी वेचून उरकल्या. तोंडाने एकटीच बोलत होती, मधेच हसत होती.

मारोतराव वावराच्या कडेला, धुऱ्यावर उभे राहून तिच्याकडे पाहत होते. तेवढ्यात अमरचा फोन आला.

"बाबा, वेचाले बाया भेटून नाही राह्यल्या म्हणे. इकडून गाडीभर पाठवू का?"

"राहू दे, पुष्पा आहे ना वेचाले," मारोतराव म्हणाले. "दसऱ्यापासून तिले कॅल्शियमची गोळी देऊन राह्यलो."