रेवतीबाईंच्या चुका

शिक्षक परिषदेच्या पडद्यावर ढवळे सरांची वारलेली बायको अपूर्णांक शिकवत होती. एका कंपनीने तिच्या जुन्या तासांवरून ही संगणकी शिक्षिका घडवली होती. सरांनी संमती दिली तरच ती गावोगावच्या वर्गांत जाणार होती.

"रेवती फळ्यावर मुद्दाम चुकायची, मुलांनी पकडावं म्हणून. ते कुठंय?" सरांनी विचारलं.

"चुका आम्ही काढल्या, सर," कंपनीचा अन्वय अभिमानाने म्हणाला. "पालक तक्रार करतात."

"तिच्याही वेळी करायचे. चुका परत घाला, नाहीतर तिला बंद करा."

अन्वयने कुरकुरत काढलेल्या चुका परत चालू केल्या. रेवतीने लिहिलं, अर्धा अधिक अर्धा म्हणजे दोन चतुर्थांश.

सभागृहात मागच्या रांगेतून एक शिक्षिका बोलून गेली, "बाई, चुकलं."

रेवती खुशीत वळली. "मग तू सांग."

सरांनी संमती दिली.