बिसनाथची हजेरी

बिसनाथच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत बँडेज होतं. मग अपघाताच्या फॉर्मवर अंगठा कसा घ्यायचा, असं सुमेधाने फोनवर विचारलं तेव्हा कंपनीतले तिचे वरिष्ठ ऋतुराज सर म्हणाले, "पायाचा चालतो. वकिलांना विचारून ठेवलंय मी."

फोन खांद्याने कानाशी दाबून ती बनारसच्या हॉस्पिटलात वॉर्डाच्या दाराशी उभी होती. एका हातात फॉर्म आणि शाईची डबी, दुसऱ्या हातात आईने दिलेला मुगाच्या खिचडीचा डबा.

"सर, दोन दिवस थांबलं तर? परवाच त्याची तीन बोटं काढलीत."

"थांबायला माझी ना नाही गं. पण उद्या चौकशीवाले येतायत. आणि आपण खोटं कुठे लिहितोय? ट्रेनिंग झालं होतं. तूच तर दिलंस."

हे खरं होतं.

बनकटा हे गंगेच्या दोन धारांमधलं गाव. बनारसहून तिथे नावेनेच जावं लागे, आणि सरकारी विजेची तार तिथवर कधी पोचली नव्हती. अठरा वर्षं गावाची वीज म्हणजे एक डिझेलचं इंजिन आणि ते चालवणारा बिसनाथ. तारा तोच जोडायचा, खांबावर तोच चढायचा. इंजिन बंद म्हणजे तारेत वीज नाही, एवढ्या एका नियमावर त्याचं सगळं काम चालायचं. मार्चमध्ये सुमेधाच्या कंपनीने शाळेच्या छपरावर सोलर पॅनेलं बसवली आणि त्याच तारांना जोडली. दिवसा इंजिनाची गरज उरली नाही. गुरुवारी दुपारी कडुनिंबाची फांदी मोडून तारेवर पडली. इंजिन बंद आहे ना, हे बिसनाथने शेडमध्ये जाऊन पाहिलं. मग तो खांबावर चढला आणि त्याने दोन्ही हातांनी तार धरली.

"आओ बिटिया," तिला पाहून तो म्हणाला. त्याची बायको लालमनी खाटेशेजारी जमिनीवर बसली होती. तिने डबा घेतला, कपाळाला लावला आणि बाजूला ठेवला.

सुमेधा एकेक ओळ हिंदीत वाचू लागली. नाव, गाव, काम. प्रत्येक ओळीला बिसनाथ "हाँ" म्हणत गेला.

"सोलर चालू होने से पहले ट्रेनिंग हुई थी. आप उसमें हाजिर थे?"

"हाँ," तो म्हणाला आणि चादरीखालून त्याने स्वतःच पाय बाहेर काढला.

"कहाँ हाजिर थे?" लालमनी म्हणाली. "उस दिन तो इंजन पर थे. इंजन नहीं चलाते, तो स्कूल में सिनेमा कैसे चलता?"

सुमेधाचं बोट त्या ओळीवर थांबलं. सिनेमा म्हणजे तिचा प्रोजेक्टर. पॅनेलं तेव्हा जोडलेली नव्हती. शाळेची खोली भरली होती, लोक खिडक्यांशी उभे होते. इंजिन बंद असलं तरी तारेत वीज असू शकते, हे वाक्य तिने तीनदा म्हटलं होतं. ओरडूनच म्हणावं लागलं होतं, कारण बाहेर इंजिन धडधडत होतं. परतताना नावेत तिने हजेरीचा कागद पाहिला. अडतीस नावं. त्यांत बिसनाथ नव्हता. ऑपरेटरच आला नाही असं कसं होईल, त्याची सही राहिली असेल, असं म्हणून एकोणचाळिसावं नाव तिने आपल्या हातानेच लिहिलं होतं.

"जाने दे," बिसनाथ बायकोला हळूच म्हणाला. "बिटिया की नौकरी का सवाल है." मग सुमेधाकडे पाहून, "लगा लो बिटिया."

पाय तसाच बाहेर होता. तळव्याला भेगा पडलेल्या, अंगठ्याचं नख काळं.

सुमेधाने शाईची डबी पर्समध्ये टाकली. पेन काढून 'हाजिर' खोडलं, वर 'गैरहाजिर' लिहिलं. खाली लिहिलं, हजेरीत यांचं नाव मी घातलं आहे. सही केली, फोटो काढला आणि ऋतुराज सरांना पाठवला.

मिनिटभरात फोन वाजला.

"हे काय केलंस तू? हे सगळं तुझ्यावर येईल. कळतंय का?"

"कळतंय, सर."

"फाड तो कागद. दुसरा फॉर्म भर."

"नाही सर. उद्या चौकशीवाल्यांना हाच देणार आहे."

तिने फोन ठेवला. मंगला गौरी मंदिराजवळच्या घरी बाबा जेवायला खोळंबले असतील, त्यांना काय सांगायचं ते तिला सुचेना. तिने चादर ओढून बिसनाथचा पाय झाकला, तशी लालमनी गडबडून उठली. "अरे, पैर काहे छूती हो!"

बिसनाथ छताकडे पाहत होता. तसंच पाहत त्याने विचारलं, "बिटिया, उस दिन बताया क्या था?"

सुमेधा स्टुलावर बसली आणि तिने सांगितलं. एकच वाक्य होतं. ते पुरं करताना तिला दोनदा थांबावं लागलं.

बिसनाथने डोळे मिटून ऐकलं. त्याचे ओठ हलले, पाठ केल्यासारखे. मग त्याने मान बायकोकडे वळवली.

"सुन लिया न? शाम की नाव से गाँव चली जा. जिसको नहीं मालूम, उसको बता देना. जो हाजिर थे, उनको भी."