पेडलवरचा पाय

"दाब," गाडीखालून काशिनाथराव म्हणाले.

"दाबलं," आत सीटवर बसलेल्या सिंधूताई म्हणाल्या.

"धरून ठेव. मी सोड म्हणेपर्यंत पाय हलवायचा नाही."

"धरलंय हो."

काशिनाथरावांनी चाकामागचा हवा काढायचा नट पान्याने सैल केला. ब्रेकचं तेल नळीतून बाटलीत आलं, बरोबर बुडबुडे आले आणि मध्येच धार थांबली. त्यांनी नट आवळला. "सोड."

बाहेर येऊन त्यांनी स्वतः पेडल दाबून पाहिलं. पेडल पार तळाला टेकलं. आजही तेच.

त्यांचं डोकं चालेना. गंजून पापुद्रे सुटलेले सगळे ब्रेक पाइप त्यांनी काढून टाकले होते. नवे पाइप स्वतः वाकवून बसवले, भेगाळलेले रबरी होज बदलले, मास्टर सिलिंडरही नवा घातला. दाढीचा आरसा गाडीखाली नेऊन एकेक सांधा तपासला. कुठे थेंब नाही. मग हवा शिरते कुठून? उभा जन्म गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यात प्रेस मशीन सांभाळण्यात गेला, आणि घरच्या गाडीचा ब्रेक लागत नाही म्हणजे काय!

गाडी झाली की पुण्याला लेकाकडे निघायचं ठरलं होतं, कायमचं. परीक्षितने तिकडे आईबाबांसाठी खोली रंगवून ठेवली होती. कोलार रोडच्या या घराला गिऱ्हाईकही बघितलं होतं.

"विमानाने या ना बाबा," तो म्हणाला होता.

"गाडी इथे टाकून मी येणार नाही," काशिनाथराव म्हणाले होते.

तेव्हा सिंधूताई हसल्या होत्या. "मग करा दुरुस्त. त्यात काय एवढं?"

तेव्हापासून सिंधूताईंचा उत्साह काही विचारू नका. पितळी डबे पेटीत गेले, लोणच्याच्या बरण्या शेजारच्या कमलताईंकडे गेल्या. परीक्षितचा फोन आला की त्याच आधी सांगायच्या, "मी तर एका पायावर तयार आहे रे. तुझ्या बाबांचं काम तेवढं राहिलंय."

हे ऐकलं की काशिनाथरावांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बायको लेकाकडे जायला आसुसलेली, आणि आपल्या हातातला गुण गेला. खोटं बोलून वेळ मारून नेणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. सकाळी लिंबाच्या झाडाला खत घालतानाही डोक्यात ब्रेकच होता.

"विकायच्या घराच्या झाडाला कसलं खत घालताय?" सिंधूताईंनी विचारलं.

"नव्या माणसाला तरी लिंबं मिळतील," एवढंच ते म्हणाले.

दुपारी त्यांनी कारखान्यातला जुना सहकारी प्रसाद याला बोलावलं. त्याने वाकून, झोपून सगळं पाहिलं.

"दादा, काम एक नंबर आहे. लीक कुठेच नाही. पेडलवर कोण असतं?"

"सिंधू. तिला सवय आहे."

"एकदा मी बसून बघू का?"

"छे हो भाऊजी," सिंधूताई ट्रे घेऊन आल्याच. "इतक्या दिवसांनी आलात आणि कामाला जुंपू तुम्हाला? आधी चहा घ्या."

प्रसादने चहा घेतला, पोहे खाल्ले. गप्पांत ब्रेक राहूनच गेला. "माझंही दिमाग चालत नाही, दादा," जाताना तो म्हणाला.

ऊन उतरल्यावर काशिनाथराव पुन्हा गाडीखाली शिरले. होजचा सांधा दिसावा म्हणून त्यांनी आरसा जमिनीवर टेकवला. तो घसरला आणि उघड्या दाराकडे कलला.

"दाब."

"दाबलं."

त्यांनी नट सैल केला. आरशात सिंधूताईंचा पाय पेडलवरून अलगद वर आला आणि शेजारी जाऊन टेकला. पेडल मोकळं सुटलं, आणि सैल नटातून हवा आत ओढली गेली. नळीतली धार थांबली.

"धरलंय हो, घट्ट धरलंय," वरून आवाज आला.

काशिनाथराव आरशाकडे बघतच राहिले. छातीवरचं एवढं मोठं ओझं कुणी उतरवलं, त्यांना क्षणभर कळेना.

"सिंधू."

"काय?"

"काही नाही. सोड आता."

आरशातला पाय लगबगीने पेडलवर आला आणि पुन्हा उचलला गेला.

"लागला का हो ब्रेक?"

"नाही गं. परीक्षितला कळव, यंदा काही जमत नाही," ते म्हणाले, आणि शेजारच्या चाकाचा नीट आवळलेला नटही त्यांनी हळूच सैल करून ठेवला.