बापूजींना पटलेला माइक

“हा माइक खोटं बोलते,” बापूजी म्हणाले आणि त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

हिरालालला हसावं की रडावं कळेना. वर्ध्यातल्या त्याच्या दुकानात हार्मोनियमपासून डीजेच्या पेट्यांपर्यंत सगळं मिळायचं आणि गिऱ्हाइकंही नाना तऱ्हेची यायची. पण माइकावर खोटेपणाचा आळ घेणारं हे पहिलंच.

बापूजी गिरडजवळच्या एका खेड्यातले. त्यांचं खंजिरी भजनाचं मंडळ साऱ्या समुद्रपूर तालुक्यात नावाजलेलं. यंदा भजनस्पर्धेवाल्यांनी नवीच टूम काढली होती. पहिली फेरी रेकॉर्डिंगवर. ज्यांचं रेकॉर्डिंग पसंत पडेल त्यांनाच पुढे बोलावणं. म्हणून मुलाला, धनंजयला घेऊन बापूजी माइक घ्यायला आले होते. पहिल्याच फेरीत मंडळ बाद झालं तर तालुक्यात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, हे त्यांनी दुकानात पाय ठेवताच सांगून टाकलं होतं.

“खोटं कसं बोलन जी?” हिरालाल म्हणाला. “कंडेन्सर हाये हा. बारीकातला बारीक श्वास बी टिपते. जे हाये तेच आयकवते.”

“मंग माहा आवाज असा फाटका हाये?”

हिरालालने धनंजयकडे पाहिलं. धनंजय खंजिरीच्या चकत्या पुसण्यात गुंतला होता.

“दुसरा दाखव,” बापूजी म्हणाले.

हिरालालने दुसरा काढला. दुकानातला सगळ्यात भारी. दुकानामागच्या खोलीला गाद्या ठोकून त्याने माइक तपासायची केबिन केली होती. तिथे बापूजी स्टँडसमोर बसले आणि पलीकडे, समोरच्या भिंतीला टेकून धनंजय. कोरस धरल्याशिवाय बापूजींच्या तोंडून ओळ निघत नसे. बापूजींनी एक ओळ म्हणायची, धनंजयने ती उचलायची, असं वर्षानुवर्षं चाललेलं. हिरालाल दार लावून बाहेर लॅपटॉपपाशी बसला.

भजन झालं. बापूजींनी बाहेर येऊन हेडफोन चढवला. डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, “हा त त्याहून बेकार.”

हिरालालचं डोकं चक्रावलं. भारीतला भारी माइक बेकार, मग या माणसाला हवंय तरी काय?

“धनंजयभाऊ, तुमीच म्हना बरं एखादी ओळ,” तो म्हणाला. “म्हंजे माइक खराब हाये का काय, ते तरी समजन.”

धनंजयने कानाला हात लावला. “बाबा असताना मी? नाई जी. पुढची जागा त्यायची. ते हायेत तोवर आपण मागंच.”

बापूजींनी लेकाकडे पाहिलं. म्हातारा मनातून सुखावला असणार, असं हिरालालला वाटलं. पोरगा असावा तर असा.

“पाणी आण बरं, धनंजय,” बापूजी म्हणाले. तो बाहेर गेला तसे ते हिरालालसोबत केबिनमधल्या माइकापाशी गेले. “काऊन रे हिरालाल, कोरस तू पलीकडं काऊन बसवला?”

“ह्या सगळ्या माइकायले पाठ असते ना जी. ही खूण दिसते? ही तुमच्याकडं पाह्यजे. इकडून कान, तिकडून बहिरा. पोराचा आवाज दबते, तुमचा उठते.”

“अस्सं,” बापूजी म्हणाले. “मंग आता तो मधल्या किमतीचा लावून देजो. साधासा.”

आता साधा कशाला? भारी चालेना, तिथे साधा काय दिवे लावणार? पण गिऱ्हाईक देवासमान. हिरालालने माइक लावून दिला आणि तो बाहेर आला. धनंजयने पाणी आणलं तेव्हा बापूजी स्टँडसमोर बसलेही होते. त्यांनी पाण्याला तोंडसुद्धा लावलं नाही. “ये, बस,” एवढंच म्हणाले.

याही वेळी बाहेर येऊन त्यांनी हेडफोन चढवला. पण आता त्यांची मान डोलायला लागली. मांडीवर बोटं ठेका धरू लागली. हिरालाल बघतच राहिला. भजन संपलं तेव्हा बापूजींचे डोळे भरले होते.

“हाच,” ते म्हणाले. “बांधून दे. धनंजय, तू गाडी काढ.”

धनंजय खूश होऊन गेला. हिरालालला मात्र चैन पडेना. या माइकात असं आलं तरी काय? त्याने हेडफोन उचलून कानाला लावला.

बापूजी कुठेतरी लांब गात होते, शेजारच्या घरात गावं तसे. आणि अगदी कानाशी, भरदार, मोकळा असा दुसराच आवाज होता. एकेक ओळ उचलणारा. ऐकता ऐकता हिरालालच्या अंगावर काटा आला. असं गाणारा माणूस कोरसात बसतो?

तो केबिनमध्ये धावला. माइकाची खूण समोरच्या भिंतीकडे होती.

खूण बापूजींकडेच ठेवल्याचं त्याला पक्कं आठवत होतं, पण आठवून काय उपयोग? म्हातारा पोराचा आवाज आपला समजून रडला होता. सांगावं तर त्याचं काळीज फाटेल. न सांगावं तर घरी माइक सरळ लागेल, पुन्हा तोच फाटका आवाज निघेल आणि मंडळ पहिल्याच फेरीत बाद. शेवटी तो माइकाचं रिकामं खोकं हातात घेऊन बापूजींसमोर उभा राहिला.

“बापूजी, राग नका मानजा. माइक उलटा लागला होता. तुमी आयकला तो आवाज तुमचा नाई, धनंजयभाऊचा हाये.”

बापूजींनी दाराकडे पाहिलं. बाहेर धनंजय गाडीला किक मारत होता.

“हळू बोल,” ते म्हणाले. “पुढं बस म्हणून लाख सांगतलं, बसत नाई तो. म्हणून माइक मीच फिरवला.”