भीमसिंगच्या गोष्टीत कुणी मरत नसे

निलमनं पुस्तक उघडलं आणि भीमसिंगनं हात आडवा केला.

"राहू दे बाळा," तो बाजेवरून घाईघाईनं म्हणाला. "माझं डोकं दुखून राहिलं."

"ऑपरेशन डोळ्याचं झालंय, कानाचं न्हाई," रुख्मिणीबाई म्हणाली. "वाच गं तू."

मोतीबिंदू काढून आज पाचवा दिवस होता. डॉक्टरांनी महिनाभर वाचायला मनाई केली होती. काळ्या चष्म्याआड भीमसिंगला सगळं धुरकट दिसत होतं: अंगणातला लिंब, समोर बसलेली बायको आणि हिंगोलीच्या कॉलेजातून सुटीवर आलेली नात. पुस्तक कोणतं, तेही कळत नव्हतं. कालच्या बाजारी रुख्मिणीबाई स्वतः जीपनं सेनगावला गेली होती. वाचनालयातल्या पोरीनं "कोणतं देऊ?" विचारलं, तर "आमचे मालक नेतात तसलंच दे," म्हणून घेऊन आली होती.

मालक काय नेत होते, ते तांड्यावर फक्त मालकांनाच ठाऊक होतं.

भीमसिंगला रहस्यकथांचं वेड होतं. दर बाजाराला एक पुस्तक आणायचा आणि दुपारी शेतातल्या आखाड्यावर, गोठ्याच्या सावलीत बसून संपवायचा. खुनी सापडेपर्यंत बैलांना पाणी दाखवायचंही भान राहत नसे. संध्याकाळी जेवणं झाली की अंगणात तीच गोष्ट सांगायचा. पण ती तीच नसायची. पुस्तकातल्या विषाचा काढा व्हायचा. इन्स्पेक्टर साधू होऊन दारात उभा राहायचा. भावाचा गळा दाबणारा माणूस भावाच्या पायावर डोकं ठेवायचा आणि शेवटी सगळं खानदान एका पंगतीला बसायचं. तांड्यावरच्या बायांना देवाधर्माच्या, घरादाराच्या गोष्टी भारी आवडायच्या. शेजारची निता तर पाणी भरता भरता विचारायची, "आबा, त्या धाकट्या सुनंचं पुढं काय झालं?" भीमसिंग म्हणायचा, "थांब, अजून निम्मं पुस्तक बाकी हाय."

बेचाळीस वर्षांत त्याच्या गोष्टीत एकही माणूस मेला नव्हता.

हे सगळं त्यानं रुख्मिणीबाईसाठी सुरू केलं होतं. त्याआधी तो तिला पुस्तक जसंच्या तसं वाचून दाखवायचा. तिला अक्षर येत नव्हतं, पण खुनी कोण ते ती त्याच्याआधी ओळखायची. मग थावरा गेला. त्यांचं चार वर्षांचं लेकरू, तीन दिवसांच्या तापात. घर मुकं झालं. दोन महिन्यांनी, तिचं मन रमावं म्हणून भीमसिंगनं पुन्हा पुस्तक काढलं. दुसऱ्याच पानावर प्रेत सापडलं. रुख्मिणीबाई उठली आणि आत निघून गेली. त्या रात्री चूल पेटली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं पुस्तक मिटूनच मांडीवर ठेवलं. म्हणाला, "अगं, तो माणूस मेलाच नव्हता. नुसता बेशुद्ध पडला व्हता." ती उंबऱ्यातून परत आली आणि बसली. तेव्हापासून ते तसंच चाललं. पुढं लेकरं झाली, लेकरांची लग्नं झाली, तरी भीमसिंगनं कुणाला मरू दिलं नाही.

आणि आता निलम वाचत होती. "बंगल्यामागच्या हौदात माळ्याला एक प्रेत तरंगताना दिसलं."

"प्रेत न्हाई ते!" भीमसिंग उठून बसला. "बेशुद्ध असंल. नीट बघ."

"आबा, प्रेतच लिहिलंय. पाठीत सुरा पण हाय."

भीमसिंगनं तोंड मिटलं. आता रुख्मिणी उठणार. आता पदर सावरून आत जाणार. तो कान देऊन वाट पाहत राहिला. लिंबावर कावळा ओरडला. उठण्याचा आवाज काही आला नाही.

"कोण व्हता तो?" रुख्मिणीबाईनं विचारलं. "मेलेला?"

"म्हातारा डॉक्टर, आजी."

"मंग पुतण्यानं मारलं असंल. वाच पुढं."

भीमसिंगला आपल्या कानांवर विश्वास बसेना. "तुला... तुला म्हाईत व्हतं?"

"दर पुस्तकावर सुरा, न्हाई तर पिस्तूल. वाचता येत न्हाई म्हणून का दिसत बी न्हाई? काढा पाजणाऱ्या माणसाच्या हातात पिस्तूल काहून राहील?"

निलम खुदकन हसली. भीमसिंग हसला नाही. त्यानं चष्मा काढला, डॉक्टरांचं आठवून पुन्हा लावला. एवढी वर्षं मनात जपलेली गोष्ट त्यानं हळूच विचारली.

"मंग त्या दिवशी तू उठून काहून गेलीस? प्रेत आलं, अन् तुला थावरा आठवला. म्हणूनच ना?"

रुख्मिणीबाईनं बाजेवरचा त्याचा हात हातात घेतला.

"थावरा मला पुस्तक उघडायच्या आधी बी आठवत व्हता," ती म्हणाली. "वाचता वाचता तुमचा आवाज फुटला. तुमाला रडताना बघवलं न्हाई, म्हणून आत गेले. दुसऱ्या दिवशी तुमी त्या मेलेल्या माणसाला जिता केलं, अन् दोन महिन्यांनी पहिल्यांदा पोटभर जेवलात. मंग मी म्हणलं, जगू द्यावं सगळ्यांना."